ज्याचे शब्द, त्याला आधी

प्रिय मॅडम,

काल पल्लवीचा एम.एड.चा निकाल लागला. तुम्ही असता तर कालच कॉलेजातल्या तुमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिले असते. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून नुसतं "हं" म्हणाला असता. त्याचा अर्थ बस आणि सांग. आता त्या खोलीत मीच बसते. मग सांगायचं कोणाला?

प्राचार्यांनी वार्षिक अंकासाठी तुमच्यावर दोन पानं मागितली आहेत. जन्मगाव, शिक्षण, सेवेची वर्षं, स्वभाव, असा आराखडाही दिलाय. चारदा लिहायला बसले. दर वेळी तिसऱ्या ओळीपाशी वाटायचं, तुम्हाला न सांगता मी तुमच्याबद्दल बोलतेय. म्हणून शेवटी पत्रच लिहायला घेतलं. निकाल सांगतेच, पण त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती मधूनच सुरू करता येत नाही.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तो शनिवार तुम्हाला आठवतो का? एम.एड.चं पहिलं वर्ष होतं. बाभुळगावहून येणारी बस चुकली म्हणून मी धापा टाकत आले होते आणि आल्या आल्या तीनदा माफी मागितली होती. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. वडील गवंडीकाम करतात, आई दुसऱ्यांच्या वावरात जाते. त्यामुळे कुठल्याही कचेरीत, कुठल्याही वर्गात मला एकच भीती असायची, की आता कोणीतरी विचारेल, ही इथं कशी आली? साध्या अर्जावर सही करतानाही मी दोनदा विचारायची, इथंच ना?

माझ्या वहीत प्रबंधाचा विषय होता, चार ओळींचा, वळणदार अक्षरात. तुम्ही तो वाचला आणि वही मिटली. म्हणालात, विषयाचं नंतर बघू, आधी घरी जाऊन आईला विचार की तू शाळेत जायला लागलीस तेव्हा घरात काय काय बदललं. अर्धा तास तिला बोलू दे. सगळं फोनवर रेकॉर्ड कर आणि शब्द न् शब्द उतरवून आण.

मग तुम्ही ड्रॉवरमधून स्टीलची छोटी डबी काढलीत आणि आवळा सुपारीचे चार तुकडे माझ्या हातावर ठेवलेत. "प्रश्न विचारला का एक तोंडात टाकायची. संपेपर्यंत बोलायचं नाही."

मला हसू आलं. तुम्हाला आलं नाही. पुढं कळलं की तुमच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलीनं मुलाखती अशाच घेतल्यात, गालात सुपारी धरून. केवढ्या जाड पुस्तकांत ऐकण्याचं तंत्र म्हणून प्रकरणं लिहिलेली असतात, आणि तुम्ही ते एका डबीत बसवलं होतं!

आईची मुलाखत मी उतरवून आणली. चार पानं, एकही खाडाखोड नाही. तुमच्यापुढं मोठ्यानं वाचली. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. विचारलंत, तुझी आई अशी बोलते? मी अभिमानानं सांगितलं की नाही मॅडम, मी सगळं शुद्ध करून घेतलंय. तुम्ही रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, की आता हे तिलाच वाचून दाखव.

आई ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होती. मी एक पान वाचलं. तिनं सूप थांबवलं आणि म्हणाली, "कोन्या बाईचं व्हय हे? चांगली शिकेल दिसते."

तुझंच आहे म्हटल्यावर ती इतकी हसली की निम्मी डाळ ओट्यावर सांडली. शेजारच्या काकूंना बोलावून सांगितलं, पाहा व, माह्या पोरीनं मले मास्तरीन करून टाकलं.

त्या हसण्यात मी जे शिकले ते दोन वर्षांच्या व्याख्यानांत शिकले नसते. मी पुन्हा रेकॉर्डिंग ऐकलं. आई जशी बोलली तसं लिहिलं. ती जिथं थांबली तिथं जागा सोडली. पुढच्या आठवड्यात परत तिच्यासमोर बसले. या वेळी तिनं सूप बाजूला ठेवलं, हात धुतले, आणि विहारात बसताना घेते तसा डोक्यावर पदर घेऊन बसली. मी वाचत गेले. ती माझ्याकडं पाहत नव्हती, माझ्या हातातल्या कागदाकडं पाहत होती. संपल्यावर तिनं कागद हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, "हे मीच बोलली?"

मी हो म्हटलं.

"मंग एक डाव अजून वाच."

मॅडम, माझ्या आईला अक्षर येत नाही. पन्नाशी उलटली तरी तिचं बोलणं कोणी कागदावर घेतलं नव्हतं, आणि घेतलेलं तिला परत दिलं नव्हतं. तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं ना? तुम्ही मला संशोधन शिकायला पाठवलं नव्हतं, आईकडं पाठवलं होतं. तुमच्याबद्दल मला जी आदरयुक्त भीती वाटते ती त्या दिवसापासून.

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर आईनं एक वाक्य काढायला सांगितलं. ते वडिलांबद्दल होतं. म्हणाली, ते तुह्या बापाचं आहे, माह्यं नाही. मी वाद घातला, कारण चार पानांतलं तेच सर्वांत चांगलं वाक्य होतं. ते तसंच ठेवून मी तुमच्याकडं आले आणि सगळा प्रकार सांगितला. तुम्ही लाल पेन माझ्यापुढं सरकवलंत. "ज्याचे शब्द, त्याले आधी वाचून दाखवायचे. तो काढ म्हणाला का काढायचे. काहून, ते विचारायचं नाही."

वर्गात तुमचं मराठी छापल्यासारखं असायचं आणि खोलीत असं. आमच्यावरही तुमचा एक टोमणा ठरलेला होता, आपण भाषेचे मास्तर, समोरचा बोलून राह्यला असते अन् आपण पेपर तपासून राह्यलो असतो. इतर मार्गदर्शक विचारायचे, नमुना किती, तक्ते किती. तुम्ही विचारायचात, तो बोलताना कुठं थांबला? आम्ही गोंधळायचो. आम्ही कुठं लक्ष दिलेलं असायचं! मग पुन्हा ऐकायला जायचो, आणि नेमकी तिथंच, त्या थांबलेल्या जागेवर, सगळी गोष्ट दडलेली सापडायची. हे तुम्हाला न ऐकता कसं कळायचं, ते मला आजही कळलेलं नाही.

आणि एवढं ऐकणाऱ्या तुम्ही, स्वतःचं मात्र काही बोलला नाहीत. गेल्या वर्षी जानेवारीत दारव्ह्याला तुमच्या घरी, सकाळी भाजी निवडता निवडता छातीत कळ आली आणि संपलं. नंतर तुमच्या सुनेकडून समजलं की दोन महिन्यांपासून जिना चढताना दम लागत होता. त्या दोन महिन्यांत आठ शनिवार आले असतील, मॅडम. एकदाही म्हणाला नाहीत. आम्हीही विचारलं नाही. समोरचा कुठं थांबतो ते पाहायला आम्हाला शिकवलंत, आणि तुम्ही जिन्यात थांबत होता ते आमच्या लक्षात आलं नाही. याचा राग तुमच्यावर काढू की स्वतःवर?

तुमच्या तीन विद्यार्थिनी अर्ध्यावर राहिल्या. मी कंत्राटी अधिव्याख्याता, नोकरीचं दुसरंच वर्ष. प्राचार्य म्हणाले, पद्धत तुम्हालाच माहीत आहे, तुम्हीच घ्या. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून सही करायची, या कल्पनेनंच माझा हात गार पडायचा. खाली छापलेलं असतं की हे काम माझ्या देखरेखीखाली झालं असून प्रामाणिक आहे. प्रामाणिक आहे हे दुसऱ्याच्या वतीनं कसं सांगायचं?

दोघींचं सुरळीत झालं. तिसरी पल्लवी. हे तिचं खरं नाव नाही, तुम्ही ओळखालच. तिचा विषय तुम्हीच मंजूर केला होता. घरची बोली वेगळी असलेली पहिलीची मुलं शाळेच्या मराठीत कशी येतात, हे तिनं वर्षभर एका शाळेत बसून पाहिलं. ती बोली कोलामी, गोंडी की गोर बोली, तालुका कोणता, हे मी इथं लिहीत नाही. का, ते पुढं येईलच.

त्या शाळेत एक बाई रोज येतात. शिकवणं हे त्यांचं काम नाही, त्यांना नेमलंय वेगळ्याच कामाला. पण वर्गावरच्या सरांचं मराठी मुलांना कळेनासं झालं की या बाई हातातलं काम ठेवून वर्गाच्या दारात येतात आणि मुलांच्या बोलीत चार वाक्यं बोलतात. मुलांचे चेहरे उजळतात, धडा पुढं सरकतो. सर भले आहेत, त्यांनीच बाईंना पहिल्यांदा हाक मारली होती. गेली कित्येक वर्षं असं चाललंय. कुठल्याच कागदावर ते नाही.

पल्लवीनं त्यांची मुलाखत घेतली होती, तुमची सुपारी तोंडात ठेवून. बारा पानं. मी ती वाचली तेव्हा उठून उभी राहिले. मूल नव्या भाषेत पहिलं पाऊल कसं टाकतं ते त्या बाईंनी असं सांगितलं होतं की मी आजवर शिकवलेलं सगळं मला पोकळ वाटलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. पूर्ण प्रबंध त्या बारा पानांवर उभा होता.

आता कबुली.

प्रबंध जमा करायला नऊ दिवस उरले होते. पल्लवीनं विचारलं, मॅडम, त्यांना वाचून दाखवायचं राहिलंय, जाऊन येऊ का? दोन जीप बदलून जावं लागतं, अख्खा दिवस जातो. छपाई बाकी, संदर्भसूची बाकी. निकाल वेळेवर लागला तर जूनपासून एका शाळेत तिची जागा पक्की होती, नाहीतर गेली. मी म्हटलं, राहू दे. नाव बदललंय, संमतिपत्रावर त्यांची सही आहे, नियमानं पुरेसं आहे.

हे मी म्हटलं, मॅडम! आईसमोर दोनदा बसलेली मी.

पल्लवी रविवारी न विचारता गेली. सोमवारी सकाळी माझ्यासमोर उभी, डोळे सुजलेले. त्या नाही म्हणाल्या. आपलं काहीच छापू नका म्हणाल्या. तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "गेलीस कशाला तू?" त्या पोरीनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, मोठ्या मॅडमनी सांगितलं होतं ना.

तुम्हाला ती फक्त अडीच महिने भेटली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत गेले. खोटं कशाला सांगू, समजूत घालायलाच गेले. जीपमध्ये मुद्दे पाठ करत होते. त्या बाईंनी घरात बसवलं, पाणी दिलं, चहा ठेवला. मी बोलायला लागले. यानं शाळेचं भलं होईल, मुलांची अडचण वरपर्यंत पोचेल, तुमचं खरं नाव तर कुठंच नाही. मी किती वेळ बोलत होते देव जाणे. त्या ऐकत होत्या, मधे एकदाही न बोलता. तुमच्याशिवाय मी असं ऐकणारं माणूस पाहिलं नव्हतं.

माझं संपल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "नाव बदललं त काय झालं, मॅडम? इथं हे काम करनारी मी एकलीच आहो ना."

एवढंच. माझ्या सगळ्या मुद्द्यांचा खुर्दा झाला. नाव बदललं की माणूस झाकलं जातं, हे आम्ही वर्गात किती सहज शिकवतो! शंभर उंबऱ्यांच्या गावात नाव कोण वाचतं? वरचा कोणी साहेब ती बारा पानं वाचेल, सरांना विचारेल की तुम्हाला धडा शिकवायला यांची गरज का पडते, आणि यांना सांगेल की आपलं नेमलेलं काम करा. मग त्या दारात येणार नाहीत. मुलं पुन्हा नुसती सरांच्या तोंडाकडं बघत बसतील. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला समजायला बोलण्याची गरजही उरली नव्हती.

मी पल्लवीकडं पाहिलं. तिनं बॅगेतून प्रबंधाची प्रत आणि पेन काढलं.

मग आम्ही जिथं जिथं त्या होत्या ते प्रत्येक पान त्यांना वाचून दाखवलं आणि त्यांच्यासमोर काट मारली. तीन तास लागले. मधे त्या उठून भाकरी टाकून आल्या, आम्हाला जेवू घातलं, हात पुसून परत बसल्या. दोन ठिकाणी मीच म्हटलं की यात तुम्ही ओळखू येत नाही. त्यांनी परत वाचायला लावलं, विचार केला, एक राहू दिलं आणि एक काढलं. शेवटी माझं ते पाठ झालेलं वाक्य आलं. पल्लवीचा हात थांबला. त्यांना ते दिसलं.

"चांगलं आहे थे," त्या म्हणाल्या. "तुमी ध्यानात ठेवा. कागदावर नको."

पल्लवीनं काट मारली. फोनमधलं रेकॉर्डिंगही त्यांना ऐकवून पुसलं. निघताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, पोरायचं लिव ना बाई, पोरं काय काय विचारतात थे लिव, माह्यापेक्षा लय आहे त्यायच्यात.

परतीच्या जीपमध्ये पल्लवी काट मारलेली पानं चाळत होती. तेव्हा एकदम मला तुमची राहून गेलेली पीएचडी आठवली.

आठवतं, एकदा बसस्थानकावर दारव्ह्याच्या गाडीची वाट बघताना मी धीर करून विचारलं होतं? तुमच्यामागून आलेल्या सगळ्यांच्या नावाआधी डॉक्टर लागलं, तुमच्या पाटीवर नुसतं नाव. शिक्षकांच्या खोलीत त्यावरून कुजबुज चालायची, ती तुमच्याही कानावर येत असणार. तुम्ही म्हणाला होतात, "सगळं लिहून झालतं. एक बाई नाही म्हणाली. मले तिचं पटलं."

मी हसले होते, मॅडम. तुम्ही गंमत करताय असं वाटलं मला. कोणी एका बाईच्या नाही म्हणण्यावर इतक्या वर्षांचं काम कपाटात ठेवून देतं का? तुम्हीही माझ्याबरोबर हसलात, आणि गाडी आली.

जीपमध्ये मला त्या हसण्याची लाज वाटली. माझी तर फक्त बारा पानं होती, तीही दुसरीची. तुमचं सगळं गेलं होतं, आणि त्यावर तुम्ही कधी कोणाला उपदेश केला नाहीत. पुढं आलेल्या प्रत्येक पोरीला सुपारी दिलीत आणि वाचून दाखवायला पाठवत राहिलात, हे ठाऊक असूनही की कधीतरी कोणीतरी नाही म्हणणार. तुम्हाला तेव्हा किती जड गेलं असेल? त्या बाईच्या दारातून परत निघताना तुम्ही काय केलंत? कोणाशी बोललात? मी त्या दिवशी बसस्थानकावर हसले नसते तर सांगितलं असतं का?

उरलेल्या सहा दिवसांत पल्लवीनं चौथं प्रकरण पुन्हा लिहिलं. वर्षभराच्या नोंदवह्यांतून मुलांचे प्रश्न काढले. पहिलीतलं मूल मराठीत पहिला प्रश्न कधी विचारतं, कोणाला विचारतं, उत्तर मिळालं नाही की काय करतं. प्रकरण लहान झालं, थोडं लंगडंही. पण त्यातलं प्रत्येक वाक्य सांगायचा तिला हक्क होता. मी सही केली. हात गार पडला नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी पानं चाळली आणि विचारलं की चौथं प्रकरण इतकं छोटं कसं, इथं प्रौढांची एखादी मुलाखत हवी होती.  पल्लवी शांतपणे म्हणाली, "होती सर. देणाऱ्यांनी नको म्हटलं."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. का नको म्हटलं, असं विचारलं. ती म्हणाली, ते मी विचारलं नाही.

मला तुमची इतकी आठवण आली की मी खिडकीबाहेर बघत राहिले.

तर, निकाल. पल्लवी उत्तीर्ण झाली. प्रबंधाला श्रेणी कमी मिळाली, तिघींत सर्वांत कमी. शाळेतली जागा टिकली, ती सोमवारपासून रुजू होतेय. फोनवर म्हणाली, मॅडम, पहिलीचा वर्ग मागून घेतलाय. श्रेणीबद्दल चकार शब्द काढला नाही. मीच रात्रभर तळमळले, की माझ्या जागी तुम्ही असता तर तिला जास्त मिळाली असती का? मग वाटलं, तुम्ही असता तर तिला चोरून जावं लागलं नसतं. माझी चूक तेवढी, आणि ती मी तुमच्यापुढं ठेवली आहे.

पुढच्या वर्षी माझ्याकडं पाच जणी आहेत. पहिल्या शनिवारी मी त्यांना आपापल्या घरी पाठवणार आहे. आणि नियमानं पुरेसं आहे, हे वाक्य माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही, हा शब्द देते.

दुसरा शब्द या पत्रापुरता. यात त्या बाई आहेत. मी नाव, गाव, बोली, काम, सगळं झाकलंय, पण झाकणं पुरत नाही हे त्यांनीच मला शिकवलं. म्हणून अंकासाठी द्यायच्या आधी मी हे घेऊन जाणार आहे. पल्लवीला दाखवेन, आईला वाचून दाखवेन, आणि दोन जीप बदलून त्यांच्या दारात जाईन. जे काढ म्हणतील ते त्यांच्यासमोर काढेन. सगळंच नको म्हणाल्या, तर प्राचार्यांना तुमचं जन्मगाव आणि सेवेची वर्षं लिहून देईन, आणि हे पत्र तुमच्या-माझ्यात राहील.

तुमची,
सुजाता